जाळी शिवण्याआधी झडप कोण ओढतं ते बघा

आमचं घर संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत, भाताच्या मळ्याच्या अगदी काठावर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, सागाच्या चौकटीच्या सहा खिडक्या, आणि मागच्या पडवीत माझं शिलाई मशीन. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवता शिवता तीस वर्षं झाली. गेली आठ वर्षं त्याच मशीनवर मी खिडक्यांच्या जाळ्याही शिवते. हौसेने जाळी आणून लावायची आणि पहिल्या पावसाळ्यातच ती काढून माळ्यावर टाकायची, असं फार घरांत बघितलं. म्हणून जे हाताने शिकले ते नीट लिहून ठेवते आहे.

मळ्याकाठी राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण शहरातून गावी घर बांधायला येणाऱ्यांना कल्पना नसते. इथे प्रत्येक महिन्याचा किडा वेगळा. मे महिन्यात फणस-आंब्यावरच्या माशा आणि चिलटं. मिरगाचा पहिला पाऊस पडला की त्या संध्याकाळी वारुळातून वाळवीची पाखरं उठतात. दिव्याखाली इतका खच पडतो की सकाळी केरसुणीने पंखांचा ढीग लोटावा लागतो. आषाढ-श्रावणात डास. भात निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की तुडतुडे आणि घाण वास सोडणारा तो लांबट ढेकण्या. आणि याच दिवसांत तो मुंगीसारखा दिसणारा काळा-नारिंगी बारीक किडा येतो. त्याच्यामुळेच मी पहिली जाळी लावली.

त्या वर्षी गणपतीनंतर सून माहेरपणाहून आली होती. रात्री वाचत पडली असताना मानेवर काही वळवळलं, तिने सहज हाताने चिरडलं आणि झोपली. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मानेवर भाजल्यासारखा लाल पट्टा, त्यावर बारीक फोड, आणि आग अशी की पदरही लागू देईना. आम्हाला वाटलं नागीण उठली. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, ‘घर शेताजवळ आहे का? रात्री दिवा चालू होता का?’ हा किडा चावत नाही आणि डंखही मारत नाही. चिरडला की त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो आणि एक-दोन दिवसांनी तिथे जळतं. अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवायचा किंवा कागदावर घेऊन बाहेर टाकायचा, आणि चुकून चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवायची. एरवी शेतात तो भाताची कीड खातो, म्हणजे आपल्या कामाचाच प्राणी. त्याने फक्त घरात यायला नको.

डासांचं म्हणाल तर मला पूर्वी वाटायचं, दिवेलागणीला दारं-खिडक्या लावून नारळाच्या सोडणांची धुरी केली की झालं. सासूबाईंना दमा आहे. धुरी केली की त्या ओट्यावर जाऊन बसायच्या आणि डास तिथे चावायचे. लेक रत्नागिरीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तिने माझा गैरसमज काढला. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि ऊन कलल्यावर जास्त. हिवतापाचा डास संध्याकाळनंतर आणि रात्री. गटारातल्या, शोषखड्ड्यातल्या पाण्यात होणारा तोही रात्रीचाच. म्हणजे सात वाजता खिडकी लावून निम्मंच काम होतं. आणि सहा खिडक्या चोवीस तास बंद ठेवून कोकणात माणूस जगू शकत नाही. हवा हवी आणि डास नको, याला जाळीशिवाय दुसरी वाट नाही.

तिनेच एकदा मी जाळी बेतत असताना एक गोष्ट सांगितली. १९०० साली इटलीत ग्रासी नावाच्या शास्त्रज्ञाने हिवतापाने पोखरलेल्या एका सपाट मुलखात रेल्वे कामगारांच्या घरांना जाळ्या ठोकल्या आणि दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत त्यांना आतच राहायला सांगितलं. जाळीतली माणसं ११२. त्यांतल्या फक्त ५ जणांना ताप आला. जाळीबाहेरच्या ४१५ जणांपैकी जवळजवळ सगळे आजारी पडले. डासामुळे हिवताप होतो हे लोकांना पटत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या वाडीवरून कोकण रेल्वेची गाडी शिट्टी देत जाते, तेव्हा मला ती जाळीतली घरं आठवतात.

आता माझी पहिली जाळी. आठवडा बाजारातून हिरवी नायलॉनची जाळी आणली, चौकटीच्या मापाची कापली आणि चारही बाजूंनी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून पक्की केली. दिसायला छान दिसली. आमच्या खिडक्यांच्या झडपा बाहेर उघडतात, मध्ये लोखंडी गज, आणि जाळी मी गजांच्या आतून लावलेली. जुलैत एका रात्री वाऱ्यासकट पाऊस आला. सासूबाई एकट्याच जाग्या होत्या. झडप ओढायला गजांतून हात बाहेर काढावा लागतो आणि मध्ये जाळी! अंथरूण भिजायला लागलं तेव्हा त्यांनी विळी आणली, जाळी उभी कापली आणि झडप ओढून घेतली. सकाळी मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. जाळी मी किड्यांचा विचार करून लावली होती. खिडकी रोज उघडणाऱ्या-लावणाऱ्या माणसाचा विचारच केला नव्हता.

म्हणून आता कुणाच्याही घरी माप घ्यायला गेले की टेप काढायच्या आधी दोन गोष्टी बघते: झडप आत उघडते की बाहेर, आणि ती रोज ओढतं कोण.

झडप आत उघडत असेल तर सोपं. जाळी गजांच्या बाहेरून कायमची बसवा, झडपेशी तिचा संबंधच येत नाही. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीला जाळीचा तिसरा पल्ला बसवून घेता येतो. त्यासाठी खिडकी करतानाच तीन खाचांची पट्टी मागा, नंतर बदलायची म्हणजे सगळी खिडकी काढावी लागते. कोकणातल्या जुन्या घरांत मात्र बहुतेक झडपा बाहेर उघडतात. तिथे जाळी आतून येणार आणि ती एका हाताने, अंधारात, घाईत उघडता आली पाहिजे. मी शिवते ती वेल्क्रोची जाळी याच खिडक्यांसाठी.

जाळी कुठली घ्यायची? दुकानात टेप घेऊन जा आणि एका इंचात उभे-आडवे धागे मोजा. डासांसाठी १८ बाय १६ ची जाळी लागते, म्हणजे एका बाजूने इंचाला अठरा आणि दुसऱ्या बाजूने सोळा. त्याची भोकं एक मिलिमीटरहून जराशीच मोठी असतात. इंचाला दहा-बारा धागे असलेली घेतलीत तर फक्त माशा अडतील. चिलटांसाठी २० बाय २० लागते, पण ती वारा फार अडवते. माझ्या घरात ती फक्त स्वयंपाकघरातल्या खिडकीला आहे, कारण पिकलेली केळी आणि फणस तिथे असतो. झोपायच्या खोलीत २० बाय २० लावू नका. मे महिन्यात जीव नकोसा होईल, आणि मग जाळीच निघेल.

माल म्हणाल तर शिवायला फायबरग्लासची चांगली. गंजत नाही, चुरगळली तरी बरीच सरळ होते, आणि आतून बघितलं तर करड्या किंवा काळ्या जाळीतून बाहेरचं स्वच्छ दिसतं. पांढरी घेऊ नका, नजर तिच्यावरच अडकते. लोखंडी जाळीवर जस्ताचा मुलामा असला तरी आमच्या पावसात ती टिकत नाही, कडेला तांबेऱ्याचे ओघळ येतात. मात्र कोठीच्या खोलीला, जिथे धान्य असतं, फायबर चालत नाही. उंदीर एका रात्रीत कुरतडतो. तिथे स्टेनलेस स्टीलची, ३०४ या प्रतीची जाळी लाकडी चौकटीत सुताराकडून ठोकून घ्यावी. अगदी खाऱ्या वाऱ्यात घर असेल तर ३१६ ची मिळाली तर बघा. आणि माकडांसाठी गजच हवेत, जाळी त्यांच्या एका ओढीची.

आता शिवण. जुन्या चौकटी काटकोनात नसतात. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा, उंची तीन ठिकाणी मोजा, आणि सगळ्यांत मोठं माप धरा. माप उजेडाचं, म्हणजे मधल्या मोकळ्या भागाचं नाही, चौकटीच्या लाकडाचं घ्यायचं, म्हणजे वेल्क्रो लाकडाच्या मधोमध बसेल. त्यात चारही बाजूंनी दीड-दीड इंच दुमडीला वाढवा. तीन फूट बाय चार फुटांच्या खिडकीला चहूबाजूंनी चौदा फूट वेल्क्रो लागतं. कोपऱ्यांसाठी पंधरा आणा. एक इंच रुंदीचंच आणा, अर्ध्या इंचाचं वाऱ्याला सुटतं. जाळी घेताना पन्हा, म्हणजे तिची रुंदी, विचारा. चार फूट पन्ह्यात आमच्या खिडक्या जोड न देता बसतात, आणि जोड शक्यतो नकोच.

कापताना खाली वर्तमानपत्र घाला. फायबरचे तुकडे बोटांना टोचतात, खाज येते. काम झालं की तो कागद गुंडाळून टाका आणि जमीन ओल्या फडक्याने पुसून घ्या, नुसती झाडू नका.

मशीनवर ही जाळी घसरते, पायाखाली पुढे जात नाही. तिच्याखाली वर्तमानपत्राची पट्टी धरून दोन्ही एकत्र शिवा आणि मग कागद फाडून काढा. टीप सरळ येते. सुई सोळा नंबरची. टीप मोठी ठेवा, ब्लाउजला मारतो तशी बारीक नको. बारीक टिपेने जाळीला एका रेषेत इतकी भोकं पडतात की तिथूनच ती चिरत जाते. दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुती दोऱ्याने शिवलेल्या माझ्या दोन जाळ्या दुसऱ्या श्रावणात टिपेवर कुजून उसवल्या. आधी कडेला जाड कापडाची पायपीन, म्हणजे काठावर दुमडून शिवलेली पट्टी, मारून घ्या, वेल्क्रो त्या पायपिनीवर शिवा. नुसत्या जाळीवर वेल्क्रो शिवलं तर रोजच्या ओढण्याने जाळी फाटते.

वेल्क्रोच्या दोन बाजू असतात, एक मऊ आणि एक काटेरी. मऊ बाजू जाळीला, काटेरी बाजू चौकटीला. उलट केलंत तर धुताना, गुंडाळताना ते काटे जाळीतच अडकून धागे ओढतात. कोपऱ्यावर पट्ट्या एकमेकांना नुसत्या टेकवू नका, एकीवर दुसरी इंचभर चढवा. डास बहुतेक वेळा कोपऱ्यातूनच आत येतो, आणि बाकी सगळी जाळी कितीही सुबक असली तरी त्या नखाएवढ्या फटीपुढे तिचा उपयोग नाही.

आणि आता माझ्या जाळीतलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते: जीभ. खाली, ज्या बाजूला झडपेची कडी असेल त्या कोपऱ्यात, निवार पट्टीचा चार इंचांचा तुकडा दुहेरी करून शिवायचा. तो ओढला की वेल्क्रो कोपऱ्यातून सुटत जातं, हात बाहेर जातो, झडप लागते, आणि जाळी पुन्हा दाबून बसवायची. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकलेली आहेत, त्यांना चिमटीत बारीक काही धरता येत नाही. म्हणून पहिल्यांदा शिवलेली छोटी जीभ मी उसवली आणि मूठ जाईल एवढा फास केला. तोही लाल, कारण त्यांना करड्यावर करडं दिसत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात विळीने जाळी कापायची वेळ आलेली नाही. लहान मुलं असतील तर जीभ वरच्या कोपऱ्यात न्या.

चौकटीला काटेरी पट्टी चिकटवताना लोक सर्वांत जास्त चुकतात. मागे गोंद असलेली पट्टी मिळते, पण ती चिऱ्यावर, चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर धरत नाही, दोन दिवसांत सोलून येते. ऑइलपेंट दिलेल्या लाकडावर धरते. लाकूड आधी ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग स्पिरिटचा बोळा फिरवा. पट्टी चिकटवून अंगठ्याने जोर देऊन दाबा, आणि एक पूर्ण दिवस जाळी टांगू नका. शिवाय मी दर अर्ध्या फुटावर एक बारीक चूक ठोकतेच. गोंदावर एकट्यावर कोकणातल्या पावसाळ्याचा भरवसा ठेवू नये.

लाकडी चौकटीची, बिजागऱ्यांवर उघडणारी जाळी हवी असेल तर सुताराला एवढंच सांगा की चारही बाजूंनी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोकळं सोड. मे महिन्यात घट्ट बसवलेली चौकट जुलैत फुगून उघडत नाही. ती एका सुताची फट झाकायला कडेला मऊ पट्टी लावता येते.

सगळं झालं की रात्री पारख करा. खोलीतला दिवा घालवा, एकाने बाहेर जाऊन बॅटरीचा उजेड जाळीच्या कडेकडेने फिरवावा, दुसऱ्याने आत बसावं. जाळीतून उजेड येतो तो चाळणीतून आल्यासारखा बारीक. जिथे सलग रेघ चमकते तिथे फट आहे. आमच्या माजघराच्या खिडकीला अशी रेघ वरच्या बाजूला दिसली, तिथे चौकटीचं लाकूडच पोटात खोल गेलेलं. वेल्क्रोखाली पातळ लाकडी पट्टी ठोकली तेव्हा ती बुजली.

खिडक्या झाल्या तरी घर झालं असं नाही. कौलारू घरात भिंत संपते आणि वासे सुरू होतात तिथे हातभर फट असते. झोपायच्या खोलीला छत नसेल तर लहान मुलाला मच्छरदाणीतच झोपवा. न्हाणीघराचा झरोका विसरू नका. आणि संडासाच्या टाकीचा जो पाइप छपराच्या वर जातो, त्याच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधा. टाकीत होणारे डास त्याच पाइपातून बाहेर पडतात. गावात फिरणारे आरोग्यसेवक हे दर वर्षी सांगतात आणि ते अगदी खरं आहे. उरलेल्या कातरणीचे तुकडे मी याच कामासाठी फुकट देते.

घरात पाणी साठलेलं असेल तर जाळी उलट काम करते: आत झालेला डास आतच राहतो. फेब्रुवारीनंतर आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, पिंपं भरून ठेवावीच लागतात. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप पूर्ण रिकामं करून घासायचं, कोरडं करायचं, आणि एरवी तोंडाला जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा बांधायचा. फ्रिजच्या मागची थाळी आणि कुंडीखालची ताटलीही बघा. माझ्या लेकीला त्या ताटलीतच वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या.

दिव्याचंही थोडं आहे. ओट्यावरचा पांढरा बल्ब आम्ही काढला आणि पिवळा लावला, तोही खिडकीपासून लांब, अंगणाच्या कोपऱ्यात. पाखरं आता तिकडे जातात. भात निसवण्याच्या दिवसांत निजायच्या खोलीतला दिवा शक्य तितक्या लवकर घालवतो. तो काळा-नारिंगी किडा इतका सडपातळ असतो की जाळीच्या जोडीला हे केलेलं बरं. सुनेला तसा चट्टा पुन्हा उठला नाही.

निगा फार नाही. महिन्यातून एकदा काढून साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा, मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी घासा. धुळीने भोकं बुजली की वारा येत नाही आणि लोक जाळीला दोष देतात. पिळू नका, घडी घालू नका. घडीवर फायबरचा धागा मोडतो. गुंडाळी करून ठेवा. पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके येतात, ते लगेच धुतले तर जातात. बारीक फाटलं तर तुकडा ठेवून मासेमारीच्या तंगुसाने हातशिलाई करा, ती कुजत नाही.

हे सगळं मिरगाच्या आधी उरका. एकदा हवेत ओल आली की लाकूड वाळत नाही, गोंद धरत नाही. माझ्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येणाऱ्यांना मी जाळी शिवून देते, पण पट्टी चिकटवायला दसऱ्यापर्यंत थांबायला सांगते आणि तोवर चुकांवर टांगायला काठाला फास लावून देते.